शिशाच्या एकोणीस पट्ट्या

मेयोच्या किनाऱ्यावर, रस्ता संपतो
आणि नुसती मेंढरं उरतात, तिथलं घर.
बाई म्हणाल्या, आधी चहा.
मी म्हणालो, आधी शिडी. दुपारी वारा फिरतो.

अट्रॅक्टा गेराटी. घराचं वय विचारलं.
"माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं," म्हणाल्या.
म्हणजे एकही कळलं नाही.

विमा कंपनीला कागद हवा असतो.
त्या कागदासाठी माझे गुडघे सत्तावीस पायऱ्या चढतात.

वर सगळं काळंनिळं.
आजोबा ज्यावर अक्षरं गिरवायचे
त्याच पाटीचा दगड, एकीवर एक, हजारांनी,
आणि समुद्र रोज येऊन
लिहितो, पुसतो,
कोरी म्हणून कधी ठेवत नाही.

बोटाच्या गाठीनं एकेक वाजवली.
खणखणली तर जिवंत. थप्प बोलली तर भिजलेली.
इथं बहुतेक खणखणतात.
दगडाला काही झालेलं नाही, बाई,
दगड तुमच्या नातवंडांना पुरून उरेल.
गेलेत ते खिळे.
सत्तर-ऐंशी वर्षं त्यांनी मीठ खाल्लं
मग मिठानं त्यांना.
खाल्ल्या मिठाला जागणं लोखंडाला जमत नाही.
आमच्या धंद्यात याला खिळ्यांचा आजार म्हणतात:
वरून धडधाकट,
आत कुणीच कुणाला धरून नाही.
(अशी लग्नंही पाहिलीत मी. माझं धरून दोन.)

उत्तरेच्या उतारावर, चिमणीमागे,
रस्त्यावरून नजर पोचत नाही तिथं
पहिली पट्टी दिसली.
सुटलेली पाटी जागेवर सरकवून
शिशाची जीभ खालून वाकवून धरलेली.
मग दुसरी. मग मोजायलाच बसलो.
एकोणीस.
दुकानातलं शिसं नव्हे. जाळ्याची वजनं
हातोडीनं चेपून चपटी केलेली,
एकीत दोरीचं भोक अजून शाबूत.

वरून ओरडलो, यजमान दुरुस्ती करायचे का?
"फेस्टस? तो बल्ब बदलायला खुर्चीवर चढायचा नाही!
टपालात होता. होडी बघूनच त्याला मळमळायचं."
मग शेजारी कोणी?
खालून फक्त वारा आला.
चोवीस वर्षं बोलणं नाही, हे नंतर कळलं.
दोन हात रुंद गवताच्या बांधावरून.

आढ्यावरून त्या शेजाऱ्याचं अंगण दिसत होतं:
पालथी होडी, शेवंडाचे पिंजरे,
भिंतीला आडवी शिडी, तिच्या दोन्ही टोकांना
गोणपाट गुंडाळलेलं.
शिडीला गोणपाट दोनच जातीची माणसं बांधतात:
माझ्यासारखी, पाटीला ओरखडा नको म्हणून,
आणि ज्यांना आवाज होऊ द्यायचा नसतो ती.

म्हातारा दारात उभा होता. मायली लव्हेल.
हात हलवला नाही, टोपी काढली नाही.
बोटानं एवढंच खुणावलं,
अजून डावीकडे.
डावीकडे एक पाटी वीतभर घसरलेली.
पट्टी नव्हती.
त्यानं स्वतःच्या कमरेवर थाप मारली
आणि आत गेला.

स्वयंपाकघरात अहवाल लिहायला घेतला.
खिळे: निकामी.
छत उतरवून तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवणे.
तोवर आयुष्य: दोन हिवाळे, तेही वारा सांभाळून वागला तर.
पूर्वीची दुरुस्ती: आहे. तात्पुरती.
कोणी केली?
असा रकाना छापलेलाच असतो.
रिकामा ठेवला.

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पदराविना पुसायचा
तसा स्वेटरच्या कडेनं पुसला. परत वाचलं.
"रविवारी मी प्रार्थनेला जाते," म्हणाल्या,
"जाऊन येऊन सव्वा तास.
तो कधी चर्चची पायरी चढला नाही.
मी त्याला देवाचा चोर म्हणायचे. चारचौघांत."

मग कपाटातून तिसरा कप काढला,
विसळला, परत ठेवला.
परत काढला.
मी निघालो तेव्हा टेबलावर होता,
पालथा.